हाफिज, आरिया आणि अनकंडिशनली

"अन," समीक्षा म्हणाली.

"अन," शामराव म्हणाले.

"कन. डि."

"कन. डि."

"शन. अ. ली."

"शन. अ. ली."

"हं. आता सलग म्हणा, पप्पा. अनकंडिशनली."

शामरावांनी छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अनकंडिलीशनली."

स्वयंपाकघरात कांताबाईंचं लाटणं थांबलं. "तुमच्यानं होत नसन तं सांगून द्या न साहेबाले," त्या आतूनच म्हणाल्या. "मी तं अख्ख्या सेक्टर दोनमधी सांगून बसली, का आमच्या यायले खुर्ची भेटून राहिली म्हून. गादी बी शिवून झाली."

गादीचं खरं होतं. जुन्या पडद्याच्या मोरपंखी कापडाची, चारी बाजूंनी झालर लावलेली गादी शिवून सोफ्यावर ठेवलेली होती. खुर्ची अजून कारखान्यात होती आणि ती कुणाला मिळणार हे ठरायचं होतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, हे शामरावांना कळत होतं; पण बायकोनं शिवलेल्या गादीला नको म्हणण्याची हिंमत त्यांच्यात एकतीस वर्षांत आलेली नव्हती.

शामराव एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात रिगर होते. मूळचे गोंदियाकडचे; राहायला दुर्गजवळच्या वसाहतीत वडिलांच्या वेळचं, लीजवर घेतलेलं क्वार्टर. काम असं, की दहा-वीस टनांच्या लोखंडी जॉबला उचलायच्या दोराची स्लिंग बांधायची आणि मग खाली उभं राहून, वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हातानं खुणा करायच्या. बोट वर करून गोल फिरवलं की 'हाफिज', म्हणजे उचल. हात खाली करून बोट फिरवलं की 'आरिया', म्हणजे सोड. मूठ वळली की थांब. हे शब्द कुठून आले कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे जहाजावरच्या खलाशांचे आहेत. शेडमधल्या ठोकाठोकीत ते ऐकू येत नसत, म्हणून सगळा कारभार हातांवर चाले.

वर केबिनमध्ये बावीस वर्षं सुखराम बसत होता. तोही गोंदियाकडचाच. शामरावांचा हात आणि सुखरामचा लिव्हर यांच्यामध्ये चाळीस फूट हवा होती, पण ती नुसती म्हणायला. शामरावांच्या बोटाला खाज सुटली तर क्रेनला कळतं, असं कारखान्यात म्हणत. ते मात्र खोटं होतं, कारण सुखरामचा एक नियम होता: आधी शिट्टी, मग हात. शिट्टी वाजली नाही तर खाली प्रत्यक्ष विश्वकर्मा येऊन हात हलवू लागला तरी सुखराम लिव्हरला शिवायचा नाही. एकदा शेडमध्ये गांधीलमाश्यांचं पोळं फुटलं तेव्हा शामराव पाच मिनिटं दोन्ही हातांनी हाफिज-आरिया करत नाचत होते. सुखराम वरून शांतपणे चहा पीत बघत होता.

तर आता या दोघांच्या मुळावर एक डबी आली होती. कमरेला बांधायची, बटणांची, रिमोटची. ती आली की एकच माणूस जॉबच्या बाजूनं चालत चालत बटणं दाबणार. केबिन रिकामी, आणि खुणा करणाऱ्याचीही गरज नाही. शामरावांच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती आणि गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. अशा माणसाला बाहेर कोण विचारणार, या काळजीनं त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

मग पर्सोनेलच्या अंकुर साहेबांनी एक आशा दाखवली. "शामराव जी, सेफ्टी सहायक की एक पोस्ट निकल रही है," ते म्हणाले. "जनरल शिफ्ट, टेबल-कुर्सी. सेफ्टी डे पर चेन्नई से पार्टी का इन्स्पेक्टर आ रहा है. उसके सामने जो इंग्लिश में प्लेज पढ़ेगा, पोस्ट समझो उसी की. आपका और दूसरे रिगर रूपेश का नाम है. सीनियर आप हैं, तो पहला चान्स आपका."

"अन् सुखराम?" शामरावांनी विचारलं होतं.

"उसको कहीं ॲडजस्ट कर देंगे."

कारखान्यात 'कहीं' नावाचं खातं नाही, हे शामरावांना ठाऊक होतं. पण त्यांनी पुढं विचारलं नाही. घरी येताना त्यांनी स्वतःला समजावलं की विचारलं नाही ते साहेबांच्या घाईमुळे. साहेब तेव्हा मोबाईलवर क्रिकेट बघत होते.

प्लेज, म्हणजे सुरक्षेची शपथ, अंकुर साहेबांनी स्वतः लिहिली होती. साहेबांना लांब शब्दांची हौस. ओळी चारच, पण प्रत्येक ओळीत मालगाडीएवढा एकेक शब्द. आम्ही आमची अवजारं सिस्टिमॅटिकली तपासू, हेल्मेट कॉन्शिएन्शसली घालू, नियम अनकंडिशनली पाळू आणि सुरक्षेसाठी अनकॉम्प्रोमायझिंगली झटू. शामराव एकतीस वर्षं हेल्मेट घालत होते, पण ते कॉन्शिएन्शसली घालत होते की नाही, हे त्यांना छातीवर हात ठेवून सांगता येईना.

सुदैवानं पोरगी नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये इंग्रजी शिकवत होती. समीक्षानं पहिल्या संध्याकाळी शब्द खोलून दाखवले, आणि हे काम शामरावांना एकदम आवडलं. मशीन खोलल्यासारखंच होतं. पुढचा 'अन' काढा, मागचा 'ली' काढा, आत काय निघालं? कंडिशन.

"अगं, हा तं आपला रोजचा हाय," शामराव म्हणाले. "बेअरिंगची कंडिशन खराब, रोडची कंडिशन खराब."

'सिस्टिम'ही घरचीच निघाली. 'कॉम्प्रोमाइज' तर त्यांनी दुर्गच्या कोर्टात भावकीच्या खटल्यात स्वतः केलेलं होतं. 'ली' सगळ्या शब्दांना एकच, म्हणजे स्टँडर्ड साइझचा नट. सिस्टिमॅटिकलीमध्ये एक 'अल' लिहितात पण बोलत नाहीत, असं समीक्षानं सांगितलं, तेव्हा शामरावांनी समजून मान हलवली. हजेरीवर नाव असून कामावर न दिसणारे लोक त्यांच्याही खात्यात होते.

"अन् हा कॉन्शिएन्शसली?" त्यांनी विचारलं.

"त्याच्यात कॉन्शन्स आहे पप्पा. म्हणजे मन. मनाला स्मरून करणं."

शामरावांना सुखरामची आठवण झाली. मग ते म्हणाले, "पुढचा शब्द घे."

खोलणं जमलं, जोडताना घोडं पेंड खाऊ लागलं. खोललेल्या मशीनचा एखादा पार्ट जोडणीनंतर हातात उरतो तसं व्हायचं. समीक्षा म्हणाली, प्रत्येक लांब शब्दात एका जागी आवाज चढतो, बाकीचं हलकं जातं. ती जागा सापडली की शब्द आपोआप सुटतो. तिनं टाळ्या वाजवून पाहायला सांगितलं. शामरावांच्या टाळीला मंगळवारच्या भजनाची सवय होती. 'सिस-टे-मॅ-टिक-ली' अशा लयीत निघालं की शेजारच्या नीतूनं कुंपणावरून विचारलं, "काकू, आज तुमच्याकडे भजन आहे का?"

तिसऱ्या संध्याकाळी समीक्षा टेकीला आली. तिनं कागदाच्या एका लांब पट्टीवर अनकंडिशनली लिहिलं, सहा तुकडे पाडले आणि पट्टी वडिलांच्या हातात दिली. शामरावांनी सवयीनं ती एका बोटावर तोलून धरली.

"बीम लांब असला का मधोमध बांधून भागत नाही," ते स्वतःशीच बोलले. "वजन कुठं हाय ते पाहा लागते. जिथं वजनाचा तोल, म्हंजे सीजी, तिथं स्लिंग. चुकीच्या जागी बांधला तं एका बाजूनं लटकते."

समीक्षा उठून उभी राहिली. "पप्पा, मी तीन दिवसांपासून हेच सांगून राहिली न. या शब्दाचं वजन 'डि'वर आहे. तिथं स्लिंग बांधा."

शामरावांनी पट्टीकडे पाहिलं. उजवा हात आपोआप वर आला. 'अन-कन' म्हणताना बोटांनी दोराची ढील काढली. 'डि'ला बोट ताठ वर गेलं, गोल फिरलं, हाफिज. 'शन-अ-ली'ला हात अलगद खाली आला, आरिया. आणि सेक्टर दोनच्या त्या खोलीत, तेलाचा एक थेंब न घालता, शब्द जसाच्या तसा निघाला. "अनकंडिशनली."

कांताबाई हाताला पीठ तसंच घेऊन दारात आल्या. "पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

शामरावांनी पुन्हा म्हटलं. चारही शब्द म्हटले. कॉन्शिएन्शसलीत 'एन'ला हाफिज, सिस्टिमॅटिकलीत 'मॅ'ला. अनकॉम्प्रोमायझिंगली सगळ्यांत अवघड, कारण त्यात वजन पुढंच होतं, दुसऱ्याच तुकड्यावर, आणि मागं प्रो-माय-झिंग-ली अशी लांब शेपटी. ती फार सावकाश उतरवावी लागे.

"आता हात न हलवता म्हणा," समीक्षा म्हणाली.

शामरावांनी हात मागं बांधले. "अनकंडिलीशनली."

"राहू द्या," समीक्षा घाईनं म्हणाली. "हातासकट म्हणा. भाषणात सगळेच हात हलवतात."

सेफ्टी डेच्या सकाळी शामराव नवा पांढरा शर्ट घालून तयार झाले. गळ्यात सवयीनं काळ्या दोरीची शिट्टी अडकवली, ती कांताबाईंनी काढून खिळ्याला टांगली. "साहेब लोकायत शिट्टी लटकवून जाता काय? ट्राफिक पोलीस दिसता." त्यांनी गादीही पिशवीत घालून दिली होती, पण ती शामरावांनी गुपचूप दाराआड ठेवून दिली.

शेड ओळखू येत नव्हतं. दुर्गच्या डेकोरेशनवाल्याला मंचावर फुलांची छत्री करायची होती, पण शेडचं छप्पर फार उंच. अंकुर साहेब म्हणाले, क्रेन तो खाली ही खड़ी है. मग क्रेनच्या हुकाला चौकोनी लोखंडी फ्रेम लावून ती पाहुण्यांच्या टेबलाच्या वर आणून अधांतरी उभी केली. तिच्या चार कोपऱ्यांतून झेंडूनं मढवलेले चार जाड नायलॉनचे दोर खाली आले आणि पंख्याच्या वाऱ्यानं हलू नयेत म्हणून टेबलाच्या चार पायांना पक्के बांधले गेले. हुकाला वजन असताना ऑपरेटरनं केबिन सोडायची नाही असा कायदा, म्हणून सुखराम सकाळपासून वर बसून होता. चार कोपऱ्यांना चार दोर आणि वर हुक. नवा भरती झालेला पोरगाही सांगेल की ही फोर-लेग स्लिंग आहे आणि टेबल उचलायला तयार आहे. एकतीस वर्षं रिगर असलेल्या शामरावांना तिथं फुलं दिसली.

टेबलामागं मालक बसले होते, शेजारी चेन्नईचे अरुणकुमार साहेब, पलीकडे अंकुर साहेब. अरुणकुमार साहेब बावीस मीटर लांब गर्डरची मोठी ऑर्डर द्यायची की नाही हे पाहायला आले होते. शब्द मोजून बोलणारा माणूस. त्यांच्यासमोर चहा, काजूकतली आणि एक न वाचलेली फाइल होती.

शामराव माईकपाशी गेले. माईक मंचाच्या पुढच्या टोकाला, तोंड कामगारांकडे, पाठ टेबलाकडे. कागद डाव्या हातात धरला. उजवा हात मोकळा ठेवला.

"वी शॅल," ते म्हणाले आणि हाताला सांगितलं, हो पुढं. "सिस-टे-मॅटिकली."

शब्द लोण्यासारखा निघाला. मागं झेंडूच्या दोरांची ढील निघाली आणि दहा-बारा पाकळ्या काजूकतलीवर पडल्या. कुणाचं लक्ष गेलं नाही.

"कॉन-शि-एन-शसली."

टेबल चार बोटं वर आलं आणि परत बसलं. कपबशा किणकिणल्या. मालकांनी अंकुर साहेबांच्या कानात विचारलं, "भूकंप तो नहीं है?" अरुणकुमार साहेबांनी टेबलावर तळहात ठेवून पाहिला आणि फाइल स्वतःकडे ओढून घेतली.

समोरचे कामगार मात्र जागे झाले होते. शपथेला कामगार जागे राहिलेले शामरावांनी कधी पाहिले नव्हते. दोनशे डोळे आपल्याकडे लागलेत, तोंडं उघडी पडलीत. समीक्षा म्हणते ते खरं, त्यांना वाटलं, वजन योग्य जागी पडलं की शब्द माणसाला धरतो. त्यांना कंठ फुटला. हात आणखी वर गेला.

"अन-कन-डिशनली."

टेबल हातभर वर गेलं. चहा, काजूकतली, गुलदस्ता, सगळं गेलं, आणि टेबलाखाली झाकलेलं जग शंभर माणसांना दिसलं. मालकांनी नवे बूट चावत होते म्हणून काढून ठेवले होते. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. अंकुर साहेबांच्या मांडीवर मोबाईल होता आणि त्यावर क्रिकेट चालू होतं. टेबल खाली आलं. शेड हसत होतं आणि टाळ्या पडत होत्या.

शामरावांनी मान लववून टाळ्या स्वीकारल्या. हे पुढं आयुष्यभर त्यांना आठवणार होतं आणि प्रत्येक वेळी कानाच्या पाळ्या गरम होणार होत्या.

आता शेवटचा शब्द. त्यांनी पाय फाकवून जमिनीत रोवले.

"अन-कॉम," ते गरजले आणि हात डोक्याच्या वर गेला.

"शामराव जी, हाथ!" अंकुर साहेब मागून ओरडले. "हाथ नीचे!"

शामरावांनी वळून पाहिलं. टेबल साहेबांच्या डोक्यांच्या वर, झेंडूंत झुलत होतं. साहेब लोक खुर्च्या मागं सारून उभे होते, मालक एका बुटात. हात वरच राहिला आणि हात वर म्हणून टेबलही वरच राहिलं. आरिया करायचं हे त्यांना कळत होतं. पण आठ दिवस हात आणि जीभ एकाच दोराला बांधलेली. शब्द संपल्याशिवाय हात खाली यायला तयार होईना आणि शब्दाचं पुढलं टोक सापडेना. शेवटी पहिल्या रांगेतून रूपेशनंच हळू आवाजात सांगितलं, "प्रो."

"प्रो," शामराव म्हणाले. हात जरासा खाली आला. टेबलही जरासं खाली आलं.

"माय," दोघं-चौघं म्हणाले.

"माय."

"झिंग," शंभर माणसं म्हणाली.

"झिंग," शामराव म्हणाले, आणि मग घाम पुसत, एकट्यानंच, "ली."

टेबलाचे चारही पाय एकाच वेळी मंचाला लागले. आवाजसुद्धा झाला नाही.

अरुणकुमार साहेबांनी वाकून स्वतःच्या कपाकडे पाहिलं. बशी कोरडी होती. मग त्यांनी सुखरामला खाली बोलावलं.

"टेबल क्यों उठाया?"

"शामराव ने हाथ दिखाया, साब."

"टेबल पर चाय है, देखा नहीं?"

"टेबल देखना उसका काम है. मेरा काम हाथ देखना," सुखराम म्हणाला. चेहरा धुतल्या तांदळासारखा.

साहेब शामरावांकडे वळले. "आपने सिग्नल दिया?"

मागून अंकुर साहेब 'डेकोरेशन' असं ओठांनीच सुचवत होते. नाही म्हटलं असतं तर खुर्ची अजून वाचली असती. पण आताच शपथ घेतली होती, आणि त्यातला दुसरा, मनाला स्मरण्याचा शब्द छातीत अडकून बसला होता.

"दिया साब," शामराव म्हणाले. "क्रेन को नहीं दिया. शब्द को दिया. मेरेको हाथ के बिना अंग्रेजी उठती नहीं. सुखराम की गलती नहीं."

त्यांनी सगळी हकीकत सांगितली. सीजी, स्लिंग, कागदाची पट्टी. साहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्यांनी एक पेला पाण्यानं काठोकाठ भरून टेबलावर ठेवला, सगळ्यांना दूर सरकवलं आणि म्हणाले, "फिर से. बिना भाषण के."

सुखराम वर गेला. शामरावांनी गळा चाचपला, मग रूपेशची शिट्टी मागून घेतली आणि वाजवली. टेबल पुरुषभर वर गेलं, थांबलं, खाली आलं. पेल्यातलं पाणी कललंसुद्धा नाही.

अरुणकुमार साहेबांनी फाइल उघडली आणि लिहीत लिहीतच बोलले. "रिमोट अच्छा है. लेकिन रिमोटवाला एक तरफ से देखता है. मेरा गर्डर बाईस मीटर. मेरे काम पर ये दोनों रहेंगे, काम खत्म होने तक. लिख रहा हूँ." मग पुढं म्हणाले, "दूसरा पॉइंट. क्रेन से फूल नहीं लटकेगा. तीसरा पॉइंट. ये आदमी प्लेज पढ़ेगा तो क्रेन का मेन स्विच बंद."

काम तीन वर्षांचं होतं. शामरावांची दोन वर्षं त्यात आरामात बसत होती. खुर्ची रूपेशला मिळाली.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा कांताबाई डोळ्यांना पदर लावून इतक्या हसल्या की समीक्षाला पाणी आणावं लागलं. "मालकाच्या मोज्याले खरंच भोक होतं?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. शामरावांनाही बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, थोडा गर्वही वाटत होता. आपल्या उच्चारात एवढं वजन की टेबल उचललं गेलं, असं ते दोनदा म्हणाले.

तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर खिळ्यावर गेली. खिळ्याला काळ्या दोरीची शिट्टी लटकत होती.

सकाळपासून ती तिथंच होती. शामरावांनी दाराआडची पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

सुखराम त्याच्या घराच्या ओट्यावर लसूण सोलत बसला होता.

"बावीस वर्षात शिट्टीबिगर तू लिव्हरले हात लावला नाही," शामराव म्हणाले. "गांधीलमाश्या चावून राहिल्या होत्या तवाबी नाही लावला. आज कावून लावला बे?"

सुखरामनं एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "आवाज येत नाही मले वरतं, पण तू भाषण देऊन राहिला तेवढं तं समजते न."

"म्हणजे तू मुद्दाम?"

"पहिल्या डावाले म्हटलं, पाहू, वळून पाहते का. तू काही पाहे ना. तुले टाळ्या पाहिजे होत्या." सुखरामनं वर पाहिलं. "चार बाजूनं दोर, वजन बराबर, खाली कोणी नाही. मी पाहूनच उचलला."

"माही खुर्ची गेली बे."

"तेच तं." सुखरामचा आवाज एकदम खाली आला. "तू खुर्चीत जाऊन बसशील. मी वरून कोणाचा हात पाहू? बटणाचा? साहेबानं मले 'कहीं' लावतो म्हटलं, अन् तुले ते मालूम होतं. तू एका शब्दानं बोलला नाही शाम्या. मले लय राग आला होता तुहा. अजून बी आहे."

लांब शब्द शामरावांना आठ दिवसांत जमले होते. इथं लागत होता तो अगदी आखूड होता, आणि तोच उचलवेना. हात वर आला, तसाच खाली गेला.

मग त्यांनी पिशवीतून मोरपंखी गादी काढली आणि सुखरामच्या मांडीवर ठेवली. "कांतानं शिवली," ते म्हणाले. "तुह्या केबिनची शीट फाटली आहे न. टोचत असन."

सुखरामनं लसणाचे हात पायजम्याला पुसले, गादी उलटीपालटी करून पाहिली आणि झालरीवरून बोट फिरवलं.

"झालर कावून लावली बे?" तो म्हणाला.

"ते तिले विचार," शामराव म्हणाले, आणि ओट्यावर त्याच्या शेजारी बसून लसूण सोलू लागले.